रान रिकामे नव्हते : 'स्नेक ईटर', गनिमी कावा आणि सातपुडा (धागा)

१/
"गनिमी कावा समजून घ्यायचा असेल तर पुस्तके बाजूला ठेवा आणि 'मेटल गिअर सॉलिड ३ : स्नेक ईटर' खेळा." ऑगस्ट २०२५ मध्ये 'डेल्टा' या नावाने या खेळाचे नवे रूप बाजारात आल्यापासून इतिहासप्रेमी तरुणांच्या तोंडी हे वाक्य फार वाढले आहे. ऐकायला ते मोठे आकर्षक आहे. माझ्या मते ते चुकीचे आहे, आणि ज्या अर्थाने चुकीचे आहे तो अर्थ आपल्याच सातपुड्याच्या इतिहासावर अन्याय करणारा आहे. हा धागा त्या वाक्याविरुद्ध आहे, खेळाविरुद्ध नाही.

२/
ज्यांनी तो खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हिदेओ कोजिमा यांनी दिग्दर्शित केलेला हा खेळ कोनामी कंपनीने २००४ च्या अखेरीस प्लेस्टेशन २ साठी काढला. कथानकाचा काळ १९६४, शीतयुद्धाचा. 'नेकेड स्नेक' हे टोपणनाव घेतलेला एक अमेरिकी हेर सोव्हिएत भूमीवरील एका काल्पनिक जंगलात एकटाच उतरतो. त्याने दिसायचे नाही, हा खेळाचा गाभा. गवतातून सरपटायचे, झाडाची साल किंवा चिखल पाहून अंगावरचा पोशाख आणि चेहऱ्यावरचा रंग बदलायचा. आपण किती टक्के झाकलेलो आहोत ते पडद्याच्या कोपऱ्यात आकड्याने दिसते. भूक लागते. साप, बेडूक, कवके जे मिळेल ते खावे लागते. गोळी लागली तर स्वतःच काढायची, मोडलेल्या हाडाला खपाटी स्वतःच बांधायची.

३/
याचे कौतुक व्हायलाच हवे. लपून पुढे सरकण्याचे त्या काळचे बहुतेक खेळ भिंती, बोळ आणि सावल्या यांच्या हिशेबावर चालत. या खेळाने लपण्याची कला पानापाचोळ्यात आणली. त्यात एक नदी आहे : तोवर तुम्ही ज्यांना ज्यांना ठार केले ते सारे प्रेतरूपाने त्या नदीतून तुमच्यासमोर चालत येतात. कमी मारले असतील तर वाट लवकर सरते, जास्त मारले असतील तर सरता सरत नाही. इतका विचार करणारा खेळ उथळ म्हणता येणार नाही.

४/
आता एक प्रश्न. त्या जंगलात राहते कोण?
पहारेकरी आहेत. शास्त्रज्ञ, सेनाधिकारी, चित्रविचित्र शक्तींचे योद्धे आहेत. मगरी, साप, पक्षी आहेत. पण गाव नाही. गुराखी नाही, मोळीविक्या नाही, मध काढणारा नाही, सरपणाला आलेली बाई नाही, वाट चुकलेले पोर नाही. ते रान कोणाचेच नाही. त्यात जो दोन पायांवर दिसेल तो शत्रू, ही पहिल्या पाऊलवाटेपासूनची खूणगाठ.
माझा सारा आक्षेप या रिकामेपणावर आहे.

५/
वरवट बकालच्या बाजारपेठेतून बाहेर पडून उत्तरेकडे तोंड केले की काळ्या कापूसरानांच्या टोकाला सातपुड्याची निळी रांग उभी दिसते. टुनकी, सोनाळा ओलांडले की चढ लागतो. पुढे अंबाबारवा, पूर्वेला नरनाळा, त्याहून पूर्वेला गाविलगड आणि मेळघाट. पलीकडे तापीचे खोरे, त्यापलीकडे असीरगड आणि निमाड. या डोंगरांत कोरकू, निहाल, गोंड, भिल्ल, गवळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. 'कोरकू' या शब्दाचा अर्थच मुळी 'माणसे' असा आहे. रान म्हणजे माणसांची जागा, हे त्या भाषेला कोणी शिकवावे लागले नाही.

६/
याच पायथ्याशी, आजच्या तेल्हारा तालुक्यातील अडगाव येथे २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसल्यांचे सैन्य आर्थर वेलस्लीसमोर उघड्या मैदानात उभे राहिले. दिवस मावळण्याच्या आत लढाईचा निकाल लागला. १५ डिसेंबरला गाविलगड पडला, १७ डिसेंबरला देवगावचा तह झाला. तोफा, पायदळ, घोडदळ, भक्कम किल्ला हे सारे असून तीन आठवड्यांत खेळ आटोपला.
आता पंधरा वर्षे पुढे या.

७/
१८१८ चा मे महिना. सीताबर्डीच्या लढाईनंतर पदच्युत झालेले नागपूरचे अप्पासाहेब भोसले कंपनीच्या कैदेत आहेत आणि पहाऱ्यात त्यांना अलाहाबादेकडे नेले जात आहे. जबलपुराच्या वाटेवर रायचूर नावाच्या मुक्कामी १३ मेच्या पहाटे ते नाहीसे झाले. पहाऱ्यातील काही शिपाई त्यांनी फोडले होते; शिपायाचाच पोशाख अंगावर चढवून ते छावणीतून चालत बाहेर पडले. मागे बिछान्यात उशी ठेवलेली आणि दोन चाकर तिचे पाय चेपत बसलेले. पहाऱ्यावरच्या अंमलदाराने तंबूत डोकावून पाहिले, राजा निजला आहे असे समजून तो निघून गेला.
'स्नेक ईटर'च्या चाहत्यांनो, शत्रूचा गणवेश चढवून त्याच्याच तळातून चालत जाणे तुम्हाला ठाऊक आहे. पण ती उशी चेपणारे दोन चाकर तुमच्या खेळात कुठे आहेत? धनी निसटल्यावर पहाट उजाडेपर्यंत ते तिथेच बसून राहिले. त्यांची नावे मला कोठेही वाचायला मिळाली नाहीत.

८/
अप्पासाहेब गेले महादेवाच्या डोंगरात, पचमढीच्या बाजूला. हर्रईच्या चैनशहासारख्या गोंड जमीनदारांनी त्यांना आसरा दिला. त्यांच्याभोवती अरब शिपाई आणि डोंगरी लोक गोळा झाले. जुलै १८१८ मध्ये मुलताई-बैतूलच्या मुलखात कॅप्टन स्पार्क्सची कंपनीची तुकडी त्यांनी जवळजवळ पूर्ण कापून काढली. कंपनीने भोसल्यांच्या डोक्यावर भले मोठे इनाम लावले, वर जहागिरीचे आमिष दाखवले. पावसाळा सरला, हिवाळा आला, चहूबाजूंनी पलटणी डोंगराला वेढत गेल्या. फेब्रुवारी १८१९ उजाडेपर्यंत अप्पासाहेब त्या रानातच होते.
जवळजवळ नऊ महिने. आणि ज्याला सात पिढ्यांची गरिबी फेडता आली असती अशा एकाही गोंडाने ते इनाम मागितले नाही.

९/
इथे थांबून विचार करा. एक राजपुत्र, राजवाड्यात वाढलेला. त्याला ना सरपटण्याचे शिक्षण, ना साप भाजून खाण्याची सवय. त्याचा 'झाकलेपणाचा टक्का' काढला असता तर शून्याच्या आसपासच भरला असता. तरी तो दिसला नाही, कारण ज्यांनी पाहिले त्यांनी सांगितले नाही.
रानातील अदृश्यता ही अंगावरच्या रंगाची गोष्ट नाही, ती आसपासच्या माणसांच्या मौनाची गोष्ट आहे. माझा सगळा वाद या एका वाक्यात आहे; पुढचे सर्व त्याचे पुरावे समजा.

१०/
उलट बाजूचा पुरावाही त्याच कथेत आहे, आणि तो अंगावर काटा आणणारा आहे. असीरगडाकडे पळताना अप्पासाहेबांसोबत चितू पेंढारी होता. कोणे एके काळी हजारो स्वारांचा म्होरक्या. असीरगडावर त्याला थारा मिळाला नाही. साथीदार पांगले. ज्या गावांना त्याच्या टोळ्यांनी वर्षानुवर्षे लुटले होते, त्यांतले कोणते गाव त्याला भाकरी देणार? तो कांटापूरच्या दाट रानात एकटा शिरला. काही दिवसांनी त्याचा घोडा खोगिरासकट चरताना सापडला. खोगिराच्या पिशवीत थोडे रुपये, शिक्क्याच्या अंगठ्या आणि अप्पासाहेबांची पत्रे होती. शोध घेता वाघाने खाल्लेल्या देहाचे अवशेष मिळाले आणि शिरावरून ओळख पटली. सर जॉन माल्कम यांनी हे सारे नोंदवून ठेवले आहे.
जंगलात एकटाच उतरलेला निष्णात योद्धा म्हणजे काय, हे ज्याला पाहायचे असेल त्याने चितूकडे पाहावे. तो घोड्यावरचा पटाईत होता, रानाचा माहितगार होता, साऱ्या आयुष्यात पाठलागांना चुकवत आलेला होता. एकटा पडल्यावर त्यातले काहीच उपयोगी पडले नाही.

११/
अप्पासाहेबांचे पुढे काय झाले? ९ एप्रिल १८१९ रोजी असीरगड इंग्रजांनी घेतला, तेव्हा ते तिथे नव्हते. फकिराच्या वेषात निघून, पंजाबापर्यंत भटकून, अखेर जोधपूरच्या मानसिंहाच्या आश्रयाला ते राहिले आणि १८४० मध्ये तिथेच वारले. अखेरपर्यंत कंपनीच्या हाती ते पुन्हा लागले नाहीत.

१२/
आता तात्या टोपे. येवल्याचा हा माणूस १८५८ च्या ऑक्टोबरअखेर नर्मदा ओलांडून सातपुड्यात उतरला, तेव्हा त्याच्यामागे किती इंग्रज सेनापती लागले होते याची यादीच मोठी होईल. मुलताईपर्यंत तो आला. नागपूरच्या बाजूला अपेक्षिलेला उठाव झाला नाही, दक्षिणेच्या वाटा अडवलेल्या. तो पश्चिमेला वळला, तापीच्या बाजूने जाऊन पुन्हा नर्मदा उतरला आणि निसटला. महिनोन्‌महिने ही धावपळ चालली. शेवटी ७ एप्रिल १८५९ च्या रात्री पाडौनच्या जंगलात तो झोपेत पकडला गेला. कोणा तीक्ष्ण नजरेच्या शिपायाने त्याला गवतात हेरले नव्हते. ज्या मानसिंहावर त्याने विश्वास ठेवला होता त्यानेच जागा दाखवली. १८ एप्रिलला शिवपुरीत त्याला फाशी दिली.

१३/
आणि तंट्या भिल्ल. १८७८ मध्ये खंडव्याच्या तुरुंगातून निसटल्यापासून अकराएक वर्षे निमाड, होशंगाबाद, बैतूल, खानदेश आणि वऱ्हाडच्या सीमेपर्यंत त्याने पोलिसांना झुलवले. सावकारांचे लुटायचे, उपाशी घरात दाणे पोचवायचे. म्हणून गावे त्याला 'मामा' म्हणत. त्याची बातमी अमेरिकेत न्यूयॉर्क टाइम्सपर्यंत गेली. पकडला कसा गेला? मानलेल्या बहिणीच्या नवऱ्याने, गणपतने, विश्वासघात केला. ४ डिसेंबर १८८९ रोजी जबलपुरात फाशी.
तात्या काय, तंट्या काय, कोणाच्या नजरेस पडले म्हणून सापडले नाहीत. कोणीतरी सांगितले म्हणून सापडले.
खेळात पहारेकऱ्याने तुम्हाला पाहिले की शिट्टी होते, धावाधाव होते, कोपऱ्यात आकडे उलटे मोजले जातात. तोवर दडून राहिलात की सारे पुन्हा निवांत. शत्रू विसरतो. ब्रिटिश सरकार अकरा वर्षे विसरले नाही. त्या अकरा वर्षांत एकेका पाड्यावर किती चौकशा झाल्या असतील, किती जणांनी मार खाऊन तोंड मिटून ठेवले असेल, याचा आकडा कोणत्याच पडद्याच्या कोपऱ्यात उमटत नाही.

१४/
"हे झाले सातपुड्याचे. शिवरायांचा गनिमी कावा वेगळा," असे कोणी म्हणेल. मग उंबरखिंड पाहा. फेब्रुवारी १६६१. शाइस्तेखानाने पाठवलेला कारतलबखान कोकणात उतरण्यासाठी मोठी फौज घेऊन लोणावळ्याच्या बाजूने घाट उतरला. दोन्हीकडे दाट झाडी, मधे अरुंद वाट, पाण्याचा तुटवडा. झाडीत मराठ्यांचे मावळे आधीच बसलेले. अखेर फौजेतील रायबागन, म्हणजे माहूरची ती देशमुखीण, हिने शरण जाण्याचा शहाणा सल्ला दिला आणि खंडणी भरून खान सुटला. कवींद्र परमानंदांच्या 'शिवभारता'त या प्रसंगाचे सविस्तर वर्णन आहे.
इथे लपला होता तो एक हेर नव्हता, एक सैन्य होते. इतके लोक झाडीत बसतात, खातात, पाणी पितात आणि शत्रूला मागमूस लागत नाही, हे केव्हा शक्य होते? खोऱ्यातला प्रत्येक धनगर, प्रत्येक कातकरी, प्रत्येक पाटील गप्प असेल तेव्हाच.

१५/
शब्दाचेही पाहा. मोल्सवर्थच्या कोशात 'कावा' या शब्दाचा एक अर्थ घोड्याला वर्तुळात फिरवणे असा आहे. डावपेच, हुलकावणी हा अर्थ त्याच्या शेजारी बसलेला. म्हणजे हा शब्द मुळात स्वाराच्या चपळाईचा आहे, सरपटणाऱ्या हेराचा नाही. शत्रूला चकवत फिरवायचे, त्याची रसद तोडायची, त्याला थकवायचे. गंमत म्हणजे 'स्नेक ईटर'मध्ये याचा एक अस्सल अंश आहे : शत्रूची धान्यकोठारे उडवून दिली की त्या भागातले शिपाई उपाशी पडतात, ढिले पडतात. साऱ्या खेळातली सर्वांत मराठी गोष्ट कोणती असेल तर ही. पण कौतुक होते ते चेहरा रंगवण्याचे.

१६/
"अहो, तो खेळ आहे. करमणुकीकडून इतिहासाची अपेक्षा कशाला?" हा आक्षेप मला मान्य होता, जोवर खेळाचे चाहते त्याला करमणूक म्हणत होते. ज्या क्षणी तुम्ही पुस्तके बाजूला ठेवा म्हणता, त्या क्षणी तुम्ही त्याला पुस्तकाच्या जागी बसवता. मग त्याला पुस्तकाचेच प्रश्न विचारले जाणार.

१७/
दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. स्नेक खरोखर एकटा नसतो; बिनतारी यंत्रावर त्याच्याशी बोलणारी माणसे असतात. कोणते कवक विषारी, कोणता साप चवदार, हे त्याला यंत्रावरून सांगितले जाते. खरे आहे, आणि कोजिमांच्या चमूला एकटा माणूस रानात टिकत नाही हे कळले होते याचा तो पुरावाही आहे. परंतु ती माहिती येते कोठून? दूर सुरक्षित जागी बसलेल्या परक्या तज्ज्ञाकडून. रानाचे ज्ञान रानातल्या कोणाकडेच नाही! सातपुड्यात मोहाच्या फुलांचे काय करावे, कोणता कंद उकळून पाणी टाकून दिल्यावरच खाता येतो, कोणत्या ओढ्याला वैशाखातही पाणी असते, हे कोरकू म्हातारीला विचारावे लागे. ती सांगेल की नाही हे तुमच्या तिच्याशी असलेल्या नात्यावर अवलंबून. तिला बटण नसते.

१८/
आणि रिकाम्या जंगलाची ही कल्पना केवळ एका जपानी खेळाची नाही, म्हणून मला ती अधिक खुपते. तिचा आपल्याकडचा इतिहास जुना आणि सरकारी आहे. ज्या महादेवाच्या डोंगरांनी अप्पासाहेबांना लपवले, त्याच डोंगरांतील बोरीचे रान १८६५ मध्ये राखीव झाले. देशातील सर्वांत जुन्या राखीव वनांत त्याची गणना होते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी रानातली माणसे कागदोपत्री आगंतुक ठरली. डोंगरउतारावर झाडे जाळून, राखेत पेरून पीक घेण्याची 'दह्या'ची शेती बंद पाडण्यात आली. कॅप्टन फोर्सिथ यांचे मध्य हिंदुस्थानच्या डोंगराळ प्रदेशावरचे १८७१ चे पुस्तक वाचा : शिकारीची वर्णने रसाळ आहेत, आणि गोंड-कोरकूंवर पानेच्या पाने आहेत, पण रानाचा विचार येतो तेव्हा ती माणसे अडचण म्हणून येतात. ज्या जंगलांनी बंडखोर लपवले ती सरकारला माणसांपासून मोकळी हवी होती, हा योगायोग समजण्याइतके भोळे आपण नसावे. अर्थात रेल्वेचे स्लीपर आणि सागवानाचा पैसा ही कारणेही तितकीच मोठी होती. सारे एका कारणावर ढकलणे हा पुन्हा वेगळा आळस.

१९/
म्हणून, वरवट बकाल, संग्रामपूर, तेल्हारा, अकोटच्या मुलांनो, विशेषतः तुम्हाला सांगतो. खेळ खेळा. त्या नदीतून चालताना अस्वस्थ व्हा, ते चांगले आहे. पण गनिमी कावा शिकण्यासाठी तुम्हाला पडद्यावरच्या काल्पनिक सोव्हिएत रानात जाण्याचे कारण नाही. तासाभराच्या वाटेवर खरे रान आहे. नरनाळ्यावर जाल तेव्हा महाकाली दरवाजाचे छायाचित्र काढाच, पण खाली उतरताना एखाद्या पाड्यावरच्या आजोबांना विचारा की पूर्वी कोणत्या वाटेने लोक तापीकडे उतरत, मीठ कोणत्या बाजारातून येई, जातायेता मुक्काम कोणाकडे असे. मग ती उत्तरे वहीत लिहा, वाटांची नावे नकाशावर मांडा आणि इथे टाका. अशा दहा नोंदी जमल्या तर या विषयावर पुढचा धागा मी लिहिणार नाही, तुम्ही लिहाल.

२०/
एक घाई मात्र आहे. मेळघाट व्याघ्र प्रकल्प १९७४ मध्ये घोषित झाला. अंबाबारवा अभयारण्य १९९७ चे. वाघांना जागा हवी, यावर माझे दुमत नाही. पुनर्वसन कसे झाले, कोणाला काय मिळाले, हा स्वतंत्र आणि कडवट वाद आहे, तो इथे नको. इतकेच नोंदवतो की बोरी, कोहा, कुंड ही मेळघाटातली गावे या शतकाच्या आरंभी उठली, त्यानंतर गुल्लरघाट, धारगड, केलपाणी आणि आणखी काही. ज्यांना जुन्या वाटा पायाखालच्या म्हणून ठाऊक होत्या ती माणसे आता अकोटच्या सपाटीवरील वसाहतींत राहतात, म्हातारी होत आहेत. उठलेल्या गावांच्या जागी कुरणे वाढवली आहेत. तिथे सांबर आणि चितळ चरतात, आणि सफारीच्या जिप्सीतून पाहणाऱ्याला ते अगदी तसेच दिसते, जसे खेळात दिसते : दाट, सुंदर आणि कोणाचेच नसलेले.